छत्री धरणारा माणूस

वाघमारे सरांनी उभ्या नोकरीत कधी छत्री वापरली नाही. पावसाळ्यात शाळेत यायचे ते निथळत. शिपायाकडून फडकं मागून घ्यायचे, डोकं पुसायचे आणि ओल्या शर्टानिशी सातवीच्या वर्गावर जायचे. उन्हाळ्याचं तर विचारूच नका. आमच्या पूर्णेचं ऊन काय असतं ते पूर्णेच्या माणसालाच माहीत, पण सर आपले डोक्यावर ओला रुमाल टाकून भर दुपारी निघालेत. मी एकदा न राहवून म्हणाले, "अहो सर, पगार होतो ना तुमचा? एक छत्री घ्या की!" तर म्हणाले, "बाई, छत्री धरली की हात अडकतो. चितारनाऱ्याचे दोनी हात मोकळे पायजेत."

मी गणिताची बाई. असलं उत्तर मला कसं पटणार? चित्र काढायला एकच हात लागतो, हे मी त्यांना तिथल्या तिथं ऐकवलं. ते हसले आणि खडू शोधायला लागले. खडू त्यांच्या खिशातच असायचे, पण ते नेहमी टेबलाखाली शोधायचे.

खरं कारण पुढं त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी सांगितलं. सरांचे वडील किसन वाघमारे रेल्वेत ट्रॉलीमन होते. रूळ तपासायला साहेब निघाला की तो चार चाकांच्या उघड्या ट्रॉलीवर बसायचा आणि हे लोक रुळावरून अनवाणी पळत मागून ढकलायचे. मध्येच ट्रॉली थांबायची. साहेब खाली उतरून पट्टीनं मोजमाप घ्यायचा, आणि किसननं मागं उभं राहून साहेबाच्या डोक्यावर छत्री धरायची. स्वतः उन्हात. शाळेला सुट्टी असली की सर वडिलांची भाकरी घेऊन जायचे, तेव्हा त्यांनी हे कितीदा तरी बघितलं होतं. "तवापासून छत्री म्हनलं की यांचं तोंड वाकडं," शांताबाई म्हणाल्या. मी त्यानंतर छत्रीचा विषय काढला नाही.

आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला तशी किंमत नव्हतीच. कुणाचा अभ्यासक्रम मागं राहिला की पहिला हात चित्रकलेच्या तासावर. मीही किती तास पळवले असतील! सर खडू उचलून निघून जायचे. पण ज्या दिवशी तास मिळेल त्या दिवशी वर्गात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांचं एकच वाक्य, "आधी बगा. मग काढा." पोरांनी पेन्सिल उचलली की ओरडायचे, "ठेव ती खाली! काय घाई झाली? बगितलं का आधी?" अर्धा तास पोरं नुसती समोरच्या तांब्याकडे बघत बसलेली मी खिडकीतून पाहिलीत. तोवर घंटा व्हायची. पालक तक्रार करायचे की चित्रकलेच्या वहीत काहीच नाही. सर म्हणायचे, "डोळ्यात हाय. वहीत येईल हळूहळू."

नाक हा त्यांचा खास विषय. माणूस भेटला की त्याच्या चेहऱ्याकडे न बघता नाकाकडे बघत बोलायचे. नवीन रुजू झालेल्या शिक्षिका आधी बिचकायच्या, मग सवय व्हायची. आमचे एक हेडसर निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, वाघमारे सरांनी त्यांचं मोठं चित्र काढून द्यायचं. सरांनी महिनाभर खपून काढलं. समारंभात वरचं कापड बाजूला केलं आणि पोरं फिस्सकन हसली. हेडसरांचं नाक चांगलं ऐसपैस होतं, आणि सरांनी ते तसंच्या तसं उतरवलेलं. हेडसरांनी चित्र घरी नेलंच नाही. पुढं कितीतरी वर्षं ते स्टाफरूमच्या कपाटामागं भिंतीकडे तोंड करून उभं होतं. मी म्हणाले, "सर, थोडं लहान करायचं होतं हो!" तर गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमी पाच आन् तीनाचे सात कराल का कुनाच्या समाधानासाठी?"



आता त्या जपानी चित्राकडे येते, कारण सर म्हटलं की पूर्णेत अजूनही लोकांना तेच आठवतं.

एका वर्षी विहारात धम्म परिषदेला जपानचे काही भिक्खू आले होते. जाताना त्यांनी कार्यकर्त्यांना भेटी वाटल्या. कुणाला पेन मिळालं, कुणाला पंखा. मंडप सरांनी सजवलेला, म्हणून सरांना मिळालं एक कॅलेंडर. बारा पानं, प्रत्येक पानावर चित्राचा एक उभा तुकडा. सगळे तुकडे मिळून एकच लांबलचक देखावा. दुभाष्या घाईत होता. त्यानं सांगितलं ते एवढंच, की ही चारशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, घडीच्या पडद्यांवर काढलेली. तेव्हा पोर्तुगीज व्यापारी गोव्याकडून मोठ्या काळ्या जहाजातून जपानला जायचे. जपान्यांनी असली माणसं कधी पाहिलेली नव्हती. त्यांनी त्यांना नाव ठेवलं, दक्षिणेकडचे रानटी.

सरांना हे एवढं आवडलं की दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आल्या आल्या त्यांनी टेबलावर थाप मारली. "बाई, रेशमी कपडे, गळ्यात झालर, बुटाला बटनं, आन् नाव काय? रानटी! आमाला जन्मभर कुनी ना कुनी म्हनत आलं. आता बगा, गोऱ्या सायबाला पन म्हननारं कुनीतरी हाय!" आणि खो खो हसले. त्यांचं हसणं ऐकून शिपाई चहा घेऊन आला.

सरांनी तारखांचा भाग कापून टाकला आणि बाराही चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून घरच्या लांब भिंतीवर ओळीनं टांगली. पहिलं पान डावीकडे, बारावं उजवीकडे. आपण कुणीही तसंच लावलं असतं. मग वर्षानुवर्षं पोरांच्या टोळ्या ते चित्र बघायला सरांच्या घरी जायच्या आणि शांताबाई प्रत्येक टोळीला मुरमुरे द्यायच्या.

चित्र होतंच तसं. सगळीकडे सोनेरी ढग, आणि ढगांच्या फटीतून दिसणारे फिरंगी. फुगलेल्या विजारी, लांबच लांब नाकं. कुणाच्या हातात पिंजरा, कुणाच्या हातात साखळीला बांधलेला कुत्रा. दुकानाच्या पडद्याआडून डोकावणाऱ्या जपानी बायका. सगळी मिरवणूक डावीकडून उजवीकडे चाललेली, आणि उजव्या टोकाला समुद्रात ते काळं जहाज. तिसऱ्या पानावर फिरंग्यांचा कप्तान, डोक्यावर छत्री. ती छत्री कुणी धरली हे मात्र दिसत नव्हतं, दांडा पानाच्या कडेला ढगात जायचा. आणि चौथ्या पानावर, कप्तानाच्या पुढं, एक सावळा माणूस. हातात उंच काठी धरून चाललेला.

या सावळ्या माणसावर सरांचा जीव. गोव्याकडून जहाज निघायचं म्हणजे त्याच्यावर आपल्याकडची माणसंही असणार, असं त्यांचं म्हणणं. ते पोरांना सांगायचे, "ह्यो आपला मानूस हाय. फिरंगी आता परत जायलेत. जहाज हुबं हाय बगा तिकडं. आन् त्याईला वाट कोन दाखवायलंय? आपला मानूस! काठी घेऊन सगळ्याच्या म्होरं!" मग आवाज जरा खाली आणून म्हणायचे, "माझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या मागं पळाला. ह्यो बगा, ह्यो म्होरं हाय."

पोरं माना डोलवायची. मीही ऐकलंय ते कितीदा तरी. प्रत्येक वेळी ते वाक्य सर नव्यानंच म्हणायचे.

आम्ही दोघं एकापाठोपाठ एक निवृत्त झालो. विहाराला लागून पोरांसाठी अभ्यासिका बांधली होती, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी. मध्ये आडोसा हवा होता, म्हणून विहार समितीची पोरं सरांकडे आली. त्यांना वाटलं, सर प्लायवुडला एखादा रंग मारून देतील. सर म्हणाले, "देतो. पन येळ लागंल." आणि सुताराला बोलावून त्यांनी दवाखान्यात असतो तसा घडीचा पडदा करून घेतला, सहा फळ्यांचा, माणसापेक्षा उंच.

वेळ म्हणजे किती? समितीच्या पोरांचे अर्ज भरून परीक्षा होऊन गेल्या, तरी पडदा चालूच. चित्र ठरलेलं होतं: पूर्णा स्टेशनात गाडी आलीय आणि तिच्यातून जगभरातली माणसं उतरतायत. उत्तरेकडचे मजूर, तेलुगू बोलणारी बायामाणसं, ट्रंका घेतलेले जवान, ते जपानी भिक्खू, आणि प्लॅटफॉर्मवरून त्यांच्याकडे टकामका बघणारे आम्ही पूर्णेकर. वर सोनेरी ढग. सोन्याचा वर्ख कुठून आणणार? गणपती रंगवणाऱ्यांकडून सोनेरी पावडर आणली आणि वार्निशमध्ये कालवली. शांताबाईंच्या घरातल्या दुधाच्या पातेल्यापर्यंत ती पावडर पोचली होती.

आणि सगळ्यांत उजवीकडची सहावी फळी कोरी. तिथं तो यायचा होता, आपला माणूस, काठी घेऊन, साऱ्या गर्दीच्या पुढं. त्याला किसनचा चेहरा द्यायचा हे सरांनी मला सांगितलं होतं. "त्याला शेवटाला काढनार, बाई. हात बसला पायजे आधी."

मधे एक फजिती झाली. सरांनी फळ्या जमिनीवर आडव्या टाकून चितारल्या. उभ्या केल्यावर घडीमुळे दोन फळ्या एकमेकींसमोर आल्या आणि स्टेशनमास्तरांचं नाक नेमकं बिजागरीच्या खाचेत गेलं. एका बाजूनं बघितलं तर स्टेशनमास्तर बिननाकाचे, दुसऱ्या बाजूनं नुसतं नाकच. मी हसून हसून खाली बसले. सर मात्र पडद्याभोवती फिरत राहिले. "त्या जपान्याईनं घडी धरून चितारलं असनार बगा," ते म्हणाले, "आडवं पाडून न्हाई. कसं माझ्या ध्यानात आलं न्हाई?" मग पडदा उभा करून, स्टुलावर चढून, सगळं पुन्हा.

बुद्धपौर्णिमेला पडदा उघडायचा ठरला. तोवर सहावी फळी तेवढी राहिलेली. त्याच सुमारास मी नुसरत मॅडमना सरांच्या घरी घेऊन गेले. नुसरत मॅडम आमच्या समोरच्या उर्दू शाळेतल्या. नोकरीभर रस्ता ओलांडून एकमेकींना डबे पाठवले आम्ही, पण त्यांनी सरांची भिंत कधी पाहिली नव्हती.

त्या आत आल्या आणि थेट उजव्या टोकाला गेल्या. तिथून डावीकडे बघत सरकायला लागल्या. उर्दू वाचणाऱ्या बाई, त्यांचे डोळे तिकडूनच सुरू होणार. तीनचार चित्रं झाल्यावर थबकल्या, मागं आल्या, पुन्हा पुढं गेल्या.

"सर," त्या म्हणाल्या, "ये उल्टा लगाया क्या आपने?"

"उलटं कसं? पयलं पान हितं हाय की."

"पहला पन्ना इधर होना," त्या उजव्या टोकाला बोट दाखवत म्हणाल्या. "जपानी भी हमारे जैसा सीधे हाथ से चलते होंगे. देखो ना, ये घोडे का आधा अंग इधर और बाकी उधर गया."

मला राहवलं नाही. मी खिळ्यावरून पुठ्ठे काढले आणि क्रम उलटा करून टांगले. पहिलं पान उजवीकडे, बारावं डावीकडे. आणि काय सांगू, सगळं सांधलं! घोडा जुळला, कुत्र्याची साखळी जुळली, जहाजाचे दोर जुळले. जहाज आता डावीकडे, मिरवणुकीच्या मागं. म्हणजे फिरंगी परत निघाले नव्हते. आत्ताच उतरून गावात शिरत होते. मी टाळी वाजवणार एवढ्यात माझं लक्ष मधे गेलं.

तिसरं आणि चौथं पान आता खरे शेजारी झाले होते. पुढं कप्तान, मागं सावळा माणूस. आणि त्याच्या हातातली काठी वर जाऊन कडेपाशी कप्तानाच्या छत्रीला बरोबर मिळत होती. ती काठी नव्हती. छत्रीचा दांडा होता.

नुसरत मॅडमनी मोबाईलवर अख्खं चित्र शोधून दाखवलं. तेच. सरांनी मोबाईलकडे बघितलंच नाही. ते भिंतीकडे बघत होते. शांताबाई मुरमुऱ्याची ताटली घेऊन दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. सर म्हणाले, "चहा टाक गं," आणि मागच्या अंगणात निघून गेले. नुसरत मॅडम घरी जाईपर्यंत स्वतःला बोल लावत होत्या. मलाही वाटलं, कशाला नेलं यांना? मस्त चाललं होतं म्हाताऱ्याचं.

सरांनी काम थांबवलं. समितीची पोरं माझ्याकडे यायला लागली, "बाई, पत्रिका वाटल्या हो आमी! सर काहून काई बोलंनात?" मी गेले, तर सर ओट्यावर बसलेले. म्हणाले, "बाई, किती पोराईला सांगितलं मी. आपला मानूस म्होरं हाय म्हनून. कोन कुठं, कोन कुठं गेले. आता कुनाकुनाला गाठून सांगू का, म्होरं नव्हता, मागं छत्री धरून हुबा होता?" मी म्हणाले, "जाऊ द्या हो सर. तुमच्या पडद्यावर तुम्ही पुढंच काढा. तुमचं चित्र, तुमचा बाप. कोण अडवतंय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चपला घालून घरी निघाले.

मग एक दिवस सकाळीच सर माझ्या दारात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चौथं पान आणि भिंग. "बाई, चष्मा लावा."

मी पीठ मळत होते. हात धुऊन चष्मा लावला.

"काय दिसायलंय?"

"छत्रीवाला."

"खाली या. पाय बगा."

"अनवाणी आहे."

"बोटं मोजा."

"सर, मला पोळ्या लाटायच्यात!"

"गनिताच्या बाई ना तुमी? मोजा."

मोजली. पाचही होती. भिंगातून बघितलं तर नखंसुद्धा काढलेली, अंगठा जरा वर उचललेला, तापलेल्या वाळूवर उभं राहिल्यावर उचलतो तसा.

"ह्या फिरंग्याईवर तो चितारी हसला, बाई," सर म्हणाले. "नाकं लांब केली, विजारी फुगवल्या. हसला बिचारा. पन ह्यो मागं हुबा हाय, कुनाचं ध्यान न्हाई याच्याकडं, तरी त्या जपान्यानं याच्या पायाची नखं काढली. मंजे वाकून बगितलं आसंल का न्हाई त्यानं?"

"असणारच."

"आन् मी? मी माझ्या बापाला काठी देऊन म्होरं न्यायलो होतो. बाप मागं पळायचा, बाई. मागंच पळायचा. मी भाकरी घेऊन जायचो तवा दुसरीकडं बगायचो. लाज वाटायची. जन्मभर पोराईला म्हनलो, आधी बगा. आन् सोता बगितलं न्हाई."

आणि ते माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून रडले. मीही डोळ्यांना पदर लावला आणि मग चहा केला, चांगला साखर घालून. चहा पिऊन ते उठले आणि म्हणाले, "जातो. रंग वाळायला येळ लागतो."

बुद्धपौर्णिमेला अभ्यासिकेत पाय ठेवायला जागा नव्हती. पडदा उघडला आणि लोक आधी स्वतःला शोधायला लागले. "अगं हे तर आपले मास्तर!" "माझं नाक असं हाय व्हय?" नुसती झुंबड. मग हळूहळू लोक उजवीकडे सरकले आणि तिकडचा गोंगाट कमी झाला.

सहाव्या फळीवर प्लॅटफॉर्म संपून खडी लागलेली. ट्रॉली थांबलीय. साहेब वाकून रूळ बघतोय, नाक चांगलं रुळाला टेकेल एवढं. त्याच्या मागं छत्री धरून किसन. काठी नाही, पुढं नाही, मागंच. छत्रीची सावली साहेबावर, म्हणून साहेब सगळा राखाडी. आणि वरचं ऊन पुरतं किसनवर, म्हणून सरांनी उरलेली सगळी सोनेरी पावडर तिथं लावलेली. डोक्यापासून पायापर्यंत सोनं. खडीवर टेकलेली बोटं, नखं, उचललेला अंगठा.

नुसरत मॅडम माझ्या शेजारी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सीधे हाथ से देखे तो पहला वही है." सरांनी ते मुद्दाम केलं होतं का, मी विचारलं नाही.

पिराजी म्हणून रेल्वेतला एक जुना गँगमन नातवाचा हात धरून आला होता. त्याला तोंडं नीट दिसत नसावीत. तो खाली बसला, फळीच्या अगदी जवळ गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "आरं, किसन्याचे पाय हायेत की हे! किसन्या हाय ह्यो!" त्यानं हात पुढं केला आणि रंगाला न लावता नुसताच पायांजवळ धरला. सर मागं पाण्याच्या माठापाशी उभे होते. त्यांनी रुमाल डोळ्यांवर धरला तो बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी मुलीकडे पुण्याला गेले, आणि पावसाळ्यात एका संध्याकाळी शांताबाईंचा फोन आला. सर दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. त्यामुळे मला सर शेवटचे दिसले ते त्या बुद्धपौर्णिमेच्याच दुपारी.

कार्यक्रम संपला, खीर झाली, आम्ही दोघं घराकडे निघालो. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. मी पदर डोक्यावर घेतला. सरांनी दाराआडून काहीतरी काढलं आणि खाडकन उघडलं. छत्री! कोरी करकरीत, काळी, दुकानाचा कागद अजून मुठीला चिकटलेला.

"अगंबाई! सर, तुम्ही?"

"या बाई, दोगाला पुरती."

आम्ही एका छत्रीखालून चालत रेल्वे फाटकापर्यंत आलो. तिथं सरांच्या चपलेचा अंगठा तुटला. "बाई, जरा धरता का?" म्हणत त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि रुळाकडेच्या दगडावर बसले. खिशातून सुतळी काढली. खिशात काय नसायचं त्यांच्या! मी मागं उभी राहून त्यांच्यावर छत्री धरली. त्यांनी सुतळी ओवली, गाठ मारली आणि सहज मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग छत्रीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी देशमुखांच्या घरातली. आमच्या घरातल्या कुणी वाघमाऱ्यांवर कधी छत्री धरली नसेल. हे त्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं.

सर गालातल्या गालात हसले आणि चप्पल बाजूला ठेवली.

"हलू नका, बाई. बगू द्या जरा."

"अहो सर, मला ऊन लागायलंय!"

"लागू द्या की थोडं."

माझ्या पाठीला खरंच चटके बसत होते. मी दुसरा हातही लावला आणि छत्री दोन्ही हातांनी धरली.